तोकीला कळेल असा अर्थ

नगरपालिकेतली नवी पोरं मुख्य भूमीवरून शिकून आली आणि येताना इंग्रजी शब्दांची पोती भरून घेऊन आली, असं चढणीवरची माणसं म्हणत. पूर्वी पत्रकात सरळ लिहिलेलं असायचं, ‘वादळ येतंय, होड्या वर ओढून घ्या.’ आता त्याच पत्रकात हझार्ड मॅप असायचा, लाइफलाइन असायची, खाली कोपऱ्यात कुठलंतरी सपोर्ट सेंटर असायचं. अक्षरं ओळखीची, शब्द परके. म्हातारी माणसं चष्मा पुसून पुन्हा वाचत, आणि दोष चष्म्याचा नाही हे लक्षात आलं की पाटी मांडीवर ठेवून समुद्राकडे बघत बसत.

पाटी म्हणजे फिरती पाटी. नगरपालिकेची पत्रकं, चर्च झाडायच्या पाळ्या, कुणाकडे वर्षश्राद्धाची प्रार्थना आहे ते, सगळं एका क्लिपच्या पाटीला अडकवून घरोघर फिरायचं. आपण वाचायचं, यादीत आपल्या आडनावापुढे छोटा लाल शिक्का उमटवायचा आणि पुढच्या घरी जाऊन पाटी हातात द्यायची. दाराशी टेकवून मागे फिरणं म्हणजे शेजाऱ्याच्या तोंडावर दार लावणं. जपानच्या गोतो बेटांवरच्या या कॅथलिक वस्तीत घरं उतारावर एकाखाली एक बसलेली, मधे नुसत्या पायऱ्या. त्यामुळे पाटी वरून निघायची आणि पाण्यासारखी उतरत उतरत धक्क्यापर्यंत पोचायची.

वरून तिसरं घर उराकावा मित्सुएचं. तिच्या खाली फुकाहोरी तोकीचं. दोघी एकाच वर्षी जन्मल्या, एकाच पाद्रीबाबांनी दोघींच्या डोक्यावर पाणी घातलं, आणि पुढे दोघींचे नवरेही एकाच बोटीवर कामाला लागले. फरक पडला तो मधल्या काही वर्षांत. मित्सुएची आत्या सिस्टर झालेली होती. तिनं भाचीला तेराव्या वर्षी मुख्य भूमीवर, सासेबोला, सिस्टरांच्या शाळेत नेऊन घातलं. तोकीच्या पाठीवर धाकटी भावंडं होती. ती रताळी खणत राहिली.

शाळेतून मित्सुए इंग्रजी शिकून आली, आणि त्या इंग्रजीचं पुढे काहीच झालं नाही. ती उराकावांच्या घरात दिली गेली, मच्छीमार सोसायटीच्या शेडमध्ये उडते मासे चिरून वाळत घालण्यात तिचं आयुष्य गेलं. मासे इंग्रजी ऐकत नाहीत. लग्नातल्या किमोनोसारखी ती भाषा तिनं घडी घालून ठेवून दिली होती. कधीमधी एकटीच असताना उलगडून बघायची, कसर लागली नाही ना एवढंच.

मित्सुएचा नवरा वारल्यावर दुसऱ्या वर्षी पाटीवर ‘बॅरिअर-फ्री’ हा शब्द आला. खालच्या आळीतले दोघे म्हातारे काहीतरी फुकट वाटताहेत असं समजून पहाटेच्या बसनं नगरपालिकेत जाऊन रांग लावून उभे राहिले. रांगेत ते दोघंच. ही गोष्ट ऐकून वस्ती हसली, पण मित्सुएला हसू आलं नाही. पुढच्या खेपेला पाटी तिच्या हाती आली तेव्हा तिनं पातळ कागदाची एक चिठ्ठी कापली, सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि क्लिपखाली सारली: ‘बॅरिअर-फ्री: पायऱ्या नसलेली जागा. आपल्या वस्तीत नाही.’

तेव्हापासून पाटी तिच्याकडे आली की आधी शब्द उतरवून घ्यायचे, दिवाणखान्यातला जाडा शब्दकोश काढायचा, आणि चिठ्ठी करायची, हा तिचा नेमच झाला. वरच्या दोन घरांना चिठ्ठी मिळायची नाही, म्हणून पाटी उलटी वर चढून पुन्हा खाली यायला लागली. नगरपालिकेच्या कुठल्याही नियमात हे बसत नव्हतं. कुणी हरकत घेतली नाही.

पण चिठ्ठी खरी व्हायची ती तोकीच्या स्वयंपाकघरात. शब्दकोशातला अर्थ मित्सुए घेऊन जायची, आणि तोकी त्याला माती लावून द्यायची.

“काम्-प्ला-यन्स,” तोकी चहा ओतताना म्हणायची. “म्हणजे काय गं?”

“कायद्याचं आणि नियमांचं पालन.”

“नाही कळलं.”

“अगं, नियम पाळायचे.”

“ते तर आपण पाळतोच की. त्याला इंग्रजी नाव कशाला? इंग्रजीत सांगितलं की जास्त पाळले जातात का?”

“कुणी बघत नसतानाही पाळायचे,” मित्सुए म्हणाली. “मोठमोठ्या कंपन्या कुणी बघत नसलं की पाळत नाहीत, म्हणून नाव काढलं.”

तोकीनं मान हलवली. “हां. म्हणजे शनिवारी कन्फेशनला जावं लागू नये असं वागायचं. लिही तसं.”

मित्सुएनं तसंच लिहिलं, आणि पाद्रीबाबांनी रविवारच्या प्रवचनात ते वाक्य वापरलं. तोकी मागच्या बाकावरून सगळ्यांकडे बघत होती, जणू वाक्यावर तिचाच शिक्का आहे.

‘सेकंड ओपिनियन’ला तोकी म्हणाली, “एका डॉक्टरनं सांगितलं की दुसऱ्याला विचारायचं, आणि पहिल्यानं फुगून बसायचं नाही.” ‘लाइफलाइन’ला म्हणाली, “पाणी, वीज, गॅस. एवढंच? मला वाटलं बोटीवरून पडलेल्याला टाकतात तो दोर.” मित्सुए म्हणाली, “मुळात तोच.” तेव्हा तोकीनं हातातली किटली खाली ठेवली. तिचा नवरा असाच पडला होता, आणि दोर पोचला नव्हता. त्या दिवशी मित्सुएनं चिठ्ठीत दोराचा उल्लेख केला नाही.

तोकीला कळलं की सगळ्या चढणीला कळलं, असा मित्सुएचा हिशेब होता. एखाद्या शब्दाचं पक्कं ठाऊक नसेल तर ती पाटी अडवून धरायची, पण अंदाजानं लिहायची नाही. लोक तिच्या चिठ्ठीवर विसंबून औषधं घेत, कागदांवर सह्या करत. अर्थ वाकवायचा नाही, गोड करायचा नाही, कडू करायचा नाही, हे तिचं व्रत. कुणी म्हटलं, ‘मित्सुएताई, हे जरा बरं वाटेल असं लिहा की,’ तर ती म्हणायची, “बरं वाटायला मी काय डोकेदुखीचं मलम आहे?”

मग पाटी अडायला लागली.

आधी एक दिवस. मग तीन. खालच्या घरांना पाणी बंद राहणार असल्याची सूचना पाणी बंद झाल्यावर मिळाली. वस्तीचा मुखिया हामासाकी ताकेओ ओरडत पायऱ्या चढून आला. साठी उलटलेला माणूस, पण मित्सुएच्या लेखी तो अजून नाक गळणारा ताकेओच.

“मित्सुएताई, पाटी कुठं आहे?”

“मी मंगळवारीच खाली दिली.”

“तोकीताई म्हणतात, आलीच नाही.”

दोघं तोकीकडे गेले. तोकीनं त्यांना बसवलं, चहा दिला, मनापासून शोधलं. तांदळाच्या डब्यामागे, लोणच्याच्या बरणीपाशी, गाद्यांच्या कपाटात. शेवटी पाटी सापडली ती घरातल्या छोट्या वेदीवर, मरियामातेच्या मूर्तीमागे, फुलं ठेवतात तशी ठेवलेली. यादीत फुकाहोरी या नावासमोरची चौकट लालभडक झाली होती. तोकीनं शिक्का मारला होता, मारल्याचं विसरून पुन्हा मारला होता, आणि पुन्हा, आणि पुन्हा. चौकटीत जागा उरली नाही तेव्हा शेजारच्याच्याही नावावर.

ताकेओच्या तोंडची शिवी तोंडातच राहिली.

“बघ, मी वाचली होती म्हणजे,” तोकी शिक्क्यांकडे बघून म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता.

बाहेर येऊन ताकेओ म्हणाला, “ताई, यापुढे तुमच्याकडून पाटी थेट माझ्याकडे येऊ दे. त्यांचं घर वगळू.”

“वगळू? घर रिकामं झालं की नाव वगळतात, ताकेओ. तिच्या चुलीतून अजून धूर निघतो.”

“चुलीतून निघतो तोवर ठीक. कौलांतून निघाला तर?”

“पाटी मी नेईन. तिच्याजवळ बसेन, तिच्या हातानं शिक्का मारून घेईन, आणि मीच तुझ्याकडे आणून देईन. मग तर झालं?”

“तुमचे गुडघे?”

“माझ्या गुडघ्यांचं पत्रक काढू नकोस.”

उन्हाळाभर आणि पुढे शरदातही हे असंच चाललं. मित्सुए शब्द घेऊन जायची. तोकी पूर्वीसारखंच “नाही कळलं” म्हणायची, पण आता खरंच कळायचं नाही. तरीसुद्धा मधेच एखादं असं बोलून जायची की मित्सुए पटकन लिहून घ्यायची. ती चिठ्ठी वाचून लोक म्हणत, तोकीताई आहेत अजून.

ताकेओ जे बोलला होता ते नोव्हेंबरात खरं झालं. तोकीनं गॅसवर पातेलं ठेवलं आणि ती रताळ्याच्या वाफ्यात निघून गेली. धूर ताकेओलाच दिसला. पडदा आणि अर्धी भिंत काळी झाली, जास्त काही नाही. पण तिचा मुलगा नोबुहिरो ओसाकाहून दुसऱ्याच दिवशी आला, आणि त्याच्यामागून सासेबोहून एक तरुण बाई आली, किनोशिता नावाची. ती केअर मॅनेजर होती. हा शब्द मित्सुएनं तीन वर्षांपूर्वीच समजावला होता: ‘आपल्याला काय झेपत नाही हे आपल्यापेक्षा आधी सांगायला येणारी व्यक्ती.’ हेही तोकीचंच.

नोबुहिरो मित्सुएकडे आला तो दारातच गुडघ्यांवर बसला, आत येईना.

“मावशी, सासेबोच्या ग्रुप होममध्ये एक खोली मिळतेय. आत्ता घेतली नाही तर पुन्हा कधी मिळेल सांगता येत नाही. मी ओसाकाला नेलं असतं, पण आमचं घर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, आणि बायकोची आई आधीच अंथरुणावर. मी वाईट मुलगा आहे का हो?”

“नाहीस,” मित्सुए म्हणाली. तिला तसं खरंच वाटत होतं.

“आईला काय सांगू? किनोशिताबाई म्हणाल्या, काही सांगू नका, गरम पाण्याच्या झऱ्यावर फिरायला चाललोय म्हणा. बहुतेक जण असंच करतात.”

“म्हणजे फसवून बोटीत घालणार? बकरीला पाला दाखवून नेतात तसं?”

“मग काय करू?”

“खरं सांग.”

नोबुहिरोनं वर बघितलं. चेहरा मोठ्या माणसाचा, डोळे शाळेतल्या मुलाचे. “मला नाही जमणार. तुम्ही सांगा. सगळ्या वस्तीला तुम्हीच सांगत आलात. तिला दुसऱ्या कुणाचं पटणारही नाही.”

मित्सुए हो म्हणाली. दुसरं काही तिच्या मनातच आलं नाही. चढणीवरच्या प्रत्येकाला तिनं ज्याचा त्याचा शब्द दिला होता. तोकीच्या वाट्याला आलेला तिच्यापासून कसा लपवायचा?

तोकी अंगणात बसून रताळ्यांच्या चकत्या करत होती. या दिवसांत सगळी चढण हेच करते. चकत्या उकडून मचाणावर वाळवायच्या म्हणजे हिवाळ्यात त्या कुटून कांकोरोच्या गोड वड्या करता येतात. बाकी सगळं सुटत चाललं होतं, पण सुरी तिच्या हातात अजून शहाण्यासारखी चालत होती. मित्सुए पलीकडे बसली, तिनंही एक रताळं उचललं.

“तोकी, आज एकच शब्द आहे. ग्रुप होम.”

“म्हणजे काय गं?”

“ज्यांना विसरायला होतं अशा माणसांचं एकत्र घर. आठ-नऊ जणांचं. ज्याला त्याला आपली खोली. जेवण एकत्र. रात्री कुणीतरी जागं असतं.”

“कुणाचं घर?”

“त्यांच्यापैकी कुणाचंच नाही.”

“मग ते आपापल्या घरी कधी जातात?”

हातातलं रताळं मित्सुएनं खाली ठेवलं. “जात नाहीत.”

तोकीची सुरी थांबली. ती विसरत होती, पण मूर्ख नव्हती. “नोबुहिरो म्हणूनच आलाय.”

“हो. सासेबोला तुझी सोय केली आहे. शुक्रवारच्या बोटीनं.”

“या चढणीवर मी कुणाचं काय वाकडं केलं?” तोकी म्हणाली, आणि मग तोंडावर फडकं धरून रडली. मित्सुएनं रडू दिलं. अर्थ सांगून झाल्यावर मधे बोलायचं नाही. बऱ्याच वेळानं तोकीनं फडकं खाली घेतलं. “बरं केलंस सांगितलंस ते. गोड बोलून नेलं असतं त्यानं, तर मी बोटीवरून उडी टाकली असती. तू कधी खोटं सांगितलं नाहीस मला.”

मित्सुए घरी आली ती ताठ मानेनं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोकी पायऱ्या चढून तिच्याकडे आली. केसांना कॅमेलियाचं तेल लावलेलं, चेहरा हसरा.

“अगं, नोबुहिरो आलाय! अचानकच. आणि बरोबर एक पोरगी आहे, सारखं ग्रुप होम ग्रुप होम करते. म्हणजे काय गं?”

मित्सुएनं तोकीला बसवलं आणि सांगितलं. तेच शब्द, त्याच क्रमानं. तोकीनंही तेच विचारलं. मग ते आपापल्या घरी कधी जातात? आणि मग तसाच चेहरा उतरला, आणि ती म्हणाली, “या चढणीवर मी कुणाचं काय वाकडं केलं?” तिचं रडणं कालच्यापेक्षा एवढंसुद्धा कमी नव्हतं. आदल्या दिवशीचं दुःख तिच्याजवळ शिल्लक नव्हतं, म्हणून त्याची सवयही झालेली नव्हती.

संध्याकाळी तिनं पुन्हा विचारलं. मित्सुएनं पुन्हा सांगितलं. गुरुवारी सकाळी पुन्हा. या वेळी तोकी उठून रताळ्याचं मचाण धरून उभी राहिली आणि सोडीना. नोबुहिरोला तिची बोटं एकेक करून सोडवावी लागली.

नोबुहिरो मित्सुएपाशी आला. “मावशी, आता पुरे. आम्ही तिला एकदाच पाठवणार आहोत. तुम्ही रोज पाठवताय.”

ताकेओ काळ्या झालेल्या भिंतीच्या फळ्या बदलत होता. त्यानं हातोडी खाली ठेवली. “ताई, मी अडाणी माणूस. पण एकदा सांगितलं तर खरं असतं. रोज सांगितलं तर ते छळणं होतं.”

“तिनं विचारलं तर काय करू?” मित्सुए म्हणाली. “तोंड फिरवू? तिनं आयुष्यभर विचारलं आणि मी सांगितलं. आता तिला सगळ्यात जास्त गरज आहे, तर आता फसवू?”

ताकेओनं हातोडी उचलली आणि पुढची फळी भिंतीला लावली.

त्या दुपारी मित्सुए चर्चमध्ये जाऊन बसली. प्रार्थना करायला म्हणून गेली होती, पण शब्द जमेनात. आत कुणी नव्हतं. बाहेर मचाणांवर चकत्या वाळत होत्या, त्यांचा गोडसर वास खिडकीतून येत होता. इतक्या वर्षांत तिनं कितीतरी कठीण शब्द सांगितले होते. ताकेओच्या वडिलांच्या कागदावरचा रोगाचा शब्द तिनंच सांगितला होता, त्यांच्या तोंडावर, आणि त्यांनी वाकून आभार मानले होते, जाऊन होडी मुलाच्या नावावर केली होती. अर्थ कळला की माणूस त्याचं काहीतरी करतो, म्हणून तो सांगायचा. तोकी त्याचं काय करणार होती? तिच्या हातात तो राहतच नव्हता. मित्सुए द्यायची, तो भाजायचा आणि निसटून जायचा. भाजल्याशिवाय मागे काही उरत नव्हतं. उरत होतं ते मित्सुएपाशी, आपण खोटं बोललो नाही एवढं समाधान. ते कुणाच्या कामाचं होतं?

ती घरी आली तेव्हा काही ठरलेलं नव्हतं.

शुक्रवारी वारा पडला होता. धक्क्यावर बोट लागली तेव्हा वस्तीतली माणसं उभी होतीच, कुणी मासे चढवायला आलेली, कुणी मासे चढवायच्या निमित्तानं आलेली. ताकेओनं तोकीची बॅग धरली होती. तोकीनं चर्चला जायचा काळा कोट घातला होता आणि डोक्याला रुमाल बांधला होता. किनोशिता पुढे जाऊन बोटीच्या फळीपाशी थांबली.

तोकी बोटीकडे बघत राहिली. मग बॅगकडे. मग मुलाकडे.

“कुठं जायचंय रे?”

नोबुहिरो म्हणाला, “सासेबोला, आई. ग्रुप होमला.”

तोकी वळली. शोधायची तिला गरज नव्हती. मित्सुए तिच्या शेजारीच उभी होती.

“मित्सुए, ग्रुप होम म्हणजे काय गं?”

ताकेओ जमिनीकडे बघायला लागला. वाक्य मित्सुएच्या जिभेवर तयार होतं, तीन दिवस घासून गुळगुळीत झालेलं: ज्यांना विसरायला होतं अशा माणसांचं. तिला समोर तोकीचा चेहरा दिसत होता, मोकळा, वाट बघणारा, आणि त्याच्या खाली तोच चेहरा एका मिनिटानंतरचा.

“मला नाही माहीत,” मित्सुए म्हणाली.

“काय?”

“हा शब्द मला येत नाही, तोकी.”

तोकी तिच्याकडे बघत राहिली. आणि मग तिच्या चेहऱ्यावर असं हसू पसरलं की गेल्या वर्षभरात कुणी पाहिलं नव्हतं. “ऐका रे! मित्सुएला शब्द येत नाही! सिस्टरांच्या शाळेत जाऊन आली आणि शब्द येत नाही!” तिनं ताकेओला कोपरखळी मारली. ताकेओनं हसायचा प्रयत्न केला. मग तोकी मित्सुएला म्हणाली, “बघ, तुलासुद्धा नाही येत एखादा.”

“नाही येत.”

“शब्दकोशात बघितलंस?”

“बघितलं. नाही सापडला.”

तोकीनं मित्सुएचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि थोपटला, लहान मुलीचं समाधान करतात तसा. “वाईट वाटून घेऊ नकोस. मी जाऊन बघते ना. नीट बघून येते आणि तुला सांगते. मग लिही तू.” आणि ती फळीवर चढली, दोराला धरून, पाय जपून टाकत, कामाला निघालेल्या बाईसारखी. वर गेल्यावर तिनं मागे वळून हात केला. बोट सुटली तरी ती कठड्याशी उभी होती आणि काहीतरी ओरडून सांगत होती, पण इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही.

“बरं केलंत, ताई,” ताकेओ म्हणाला.

पायऱ्या चढताना मित्सुए एकदा थांबली आणि ताकेओला म्हणाली, “इतक्या वर्षांत पहिल्यांदा खोटं बोलले, आणि तेही तिच्याशीच.” ताकेओनं तिच्या कोपराला हात दिला. तिनं तो झटकला नाही, यावरून तो काय ते समजला.

पाटी फिरत राहिली. मित्सुए चिठ्ठ्या लिहीत राहिली. पण लोक त्या वाचून तिच्या दाराशी येऊ लागले. “मित्सुएताई, तुमच्या चिठ्ठीचा अर्थ काय?” असं विचारू लागले. शब्दकोशात होतं तसंच ती लिहीत होती. त्यात चूक काही नव्हती, आणि ते कुणाला कळत नव्हतं. तिलाही दिसत होतं. वाक्य कुठं मोडायचं, कशाशी लावायचं, हे तिला एकटीला येत नव्हतं. नवं वर्ष लागल्यावर तिनं ताकेओला सांगून टाकलं की चिठ्ठ्या बंद. ताकेओनं वाद घातला नाही.

ईस्टर झाल्यावर ती सासेबोला गेली. तिला बोट लागली, पूर्वी कधी लागत नसे. बरोबर कांकोरोच्या वड्या होत्या, तोकीनंच कापलेल्या चकत्यांच्या. मचाणावर राहिल्या होत्या त्या ताकेओच्या बायकोनं उतरवून कुटल्या होत्या.

घर नीटनेटकं होतं. खिडकीत फुलं, भिंतीवर मुलांनी काढल्यासारखी चित्रं, आणि खरोखरच पायरी एकही नाही. तोकी टेबलाशी बसली होती. केस आखूड कापले होते, त्यामुळे कान मोठे दिसत होते. तिनं मित्सुएकडे बघून सौजन्यानं मान लववली, पाहुण्याला लववतात तशी.

“आपण कुणाकडे आलात?”

“सहजच,” मित्सुए म्हणाली. “बसू का?”

“बसा ना.” तोकीनं एक वडी घेतली, चघळली, आणखी एक घेतली. कुठली आहे, कुणी केली, काही विचारलं नाही. मग खुर्ची जरा जवळ ओढली आणि आवाज खाली केला.

“तुम्ही शिकलेल्या दिसता. एक विचारू? या घराला एक इंग्रजी नाव आहे. इथल्या पोरी ते सारखं घेतात. आमच्या गावात माझी मैत्रीण आहे, तिला सगळं इंग्रजी येतं, पण नेमकं हेच येत नाही. मी तिला म्हटलं, मी बघून सांगते.” तिनं खोलीभर नजर फिरवली. टीव्हीसमोर झोपलेल्या म्हाताऱ्यावर, दारावर, दाराच्या उंच कडीवर. “रोज बघते हो मी. सगळं बघते. पण अजून काही कळलं नाही. ती तिकडे पाटी अडवून बसली असेल. कळलं की लगेच घरी जाईन.”

मित्सुएनं टेबलावरचा वड्यांचा कागद सरळ केला. सांगता आलं असतं. आताही सांगता आलं असतं, आठ-दहा शब्दांत, आणि तोकीचं हे रोजचं शोधणं संपलं असतं. उद्या पुन्हा सुरू व्हायला.

“सावकाश बघा,” ती म्हणाली. “तुमची मैत्रीण थांबेल.”

“थांबेल,” तोकी म्हणाली. “ती अंदाजानं काही लिहीत नाही.”

चारची बोट होती. मित्सुएनं उरलेल्या वड्या कागदात बांधून तोकीच्या पुढ्यात ठेवल्या आणि उठली. दाराशी आलेल्या मुलीनं वरची कडी काढली, ती बाहेर पडल्यावर पुन्हा लावली.